पुलपिटातला प्रॉम्प्टर

नाटक कंपनीत प्रॉम्प्टर हा असा प्राणी असतो की तो दिसला तर मालक ओरडतो, ऐकू आला तर प्रेक्षक ओरडतात आणि गप्प बसला तर नट ओरडतो. मी हे काम काही वर्षं केलं, आणि मोठ्या आनंदानं केलं. विंगेत उभं राहायचं आणि राजा भर दरबारात "प्रधानजी..." म्हणून डोळे फिरवायला लागला की पुढचं वाक्य त्याच्या कानात सोडायचं. सोडायचं म्हणजे कुजबुजायचं नव्हे. कुजबुज वाटेतच मरते आणि पहिल्या रांगेला नुसतं ‘स्स स्स’ ऐकू येतं. श्वास दाबून छातीतून एक सपाट आवाज काढावा लागतो. तो एका माणसाला ऐकू जातो आणि त्याच्या शेजारच्याला जात नाही. ही विद्या मला कुणी शिकवली नाही. आप्पांच्या भाषेत सांगायचं तर ते दान होतं. पण आप्पा तसं कधी म्हणाले नव्हते, कारण माझ्या नोकरीचा विषय निघाला की ते बागेतल्या कोथिंबिरीला पाणी घालायला जात.

आप्पा म्हणजे माझे वडील, कोल्हापुरातल्या एका जुन्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू. आमच्या चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. पाळकाचा मुलगा तोंडाला रंग लावणाऱ्यांत गेला, ही गोष्ट मंडळीनं फार मनाला लावून घेतली होती. मी तोंडाला कधीच रंग लावला नव्हता, पण हे सांगितलं तर जास्तच अपमान झाला असता.

संस्थान विलीन झालं, त्यानंतरची ही गोष्ट. आमच्या कंपनीचा मुक्काम मलकापूरला होता. शेजारी बोलपटाचा तंबू आला आणि आमच्या तंबूत आम्हीच उरलो. मालकानं एका सकाळी दरबाराचा पडदा आणि अरण्याचा पडदा एकाच बैलगाडीत घातला, सगळ्यांना हात जोडले आणि तो निघून गेला. मी रत्नागिरीकडून येणाऱ्या मोटारीच्या टपावर बसून कोल्हापूर गाठलं.

बायबलातल्या दाखल्यातला उधळा मुलगा घरी आला तेव्हा बापानं पुष्ट वासरू कापलं होतं. माझ्या आईनं वांग्याचं भरीत केलं आणि मी दुसरी भाकरी मोडत असताना विचारलं, "किती दिवस राहणार?"

"कंपनी बुडाली, आई. आता इथंच."

"बरं झालं," ती म्हणाली.

मला वाटलं, आईची माया. पण तिनं आधी दार लोटून घेतलं, मग माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "तुझ्या आप्पांना उपदेशात वाक्यं सापडेनाशी झालीत. तुझा तो धंदा आहे ना, तो आता इथं कर."

प्रकार असा होता. वर्षभरापासून आप्पांची आठवण दगा देत होती. घरात ठीक असायचे, पण पुलपिटावर, म्हणजे देवळातल्या उपदेशाच्या जागेवर, गेले की मधलाच दुवा तुटायचा. कागद घेऊन पाहिला, तर नजर कागदावर हरवायची. एका रविवारी त्यांनी तोच परिच्छेद तीनदा वाचला. दुसऱ्यांदा लोकांना वाटलं, महत्त्वाचा असेल. तिसऱ्यांदा आईनं पहिल्या बाकावरून खोकून खोकून घसा बसवून घेतला.

आणि नेमक्या त्याच वेळी मंडळी फुटायला आली होती. भांडण कशावरून, तर पवित्र आत्म्याच्या कृपादानांवरून, म्हणजे देव माणसाला देतो त्या खास देणग्यांवरून. गावाबाहेरच्या एका मैदानात कुणी परगावचे उपदेशक श्रद्धा जागवणारी उज्जीवन सभा घेऊन गेले होते. त्या सभेत आमच्या मंडळीतल्या दवाखान्यातल्या नर्सबाई प्रार्थना करता करता अन्य भाषेत बोलू लागल्या, म्हणजे त्यांना स्वतःलाही न कळणाऱ्या भाषेत. पुढं रविवारच्या उपासनेतही त्यांच्या तोंडून ते यायला लागलं. नर्सबाई स्वभावानं अशा गरीब की इंजेक्शन देण्याआधी सुईचीही माफी मागतील. पण त्यांच्याभोवती जमलेल्या चार-दोघी म्हणू लागल्या की, ज्याला ही भाषा नाही त्याच्यात आत्माच नाही. पाळकांत तरी कुठं आहे?

दुसऱ्या बाजूला मंडळीच्या पंचांतले गिरणीवाले काका. त्यांची पिठाची गिरणी होती आणि जन्मभर पट्ट्याच्या आवाजावर बोलल्यामुळे ते कानगोष्टही गल्लीला ऐकू जाईल अशी सांगत. त्यांचं म्हणणं एवढंच, "देवळात कळंल अशी भाषा बोलायची. न्हायतर बाईला गप बसवा. न्हायतर आमची घरं दुसऱ्या देवळात जात्यात."

आप्पांनी ठरवलं होतं की, लागोपाठ तीन रविवार कृपादानांवरच बोलायचं. दान कशासाठी दिलेलं असतं ते नीट सांगायचं आणि मंडळी एक ठेवायची. "एवढं माझ्या हातून झालं की पंचांनी मला उद्या घरी बसवलं तरी चालेल," असं ते आईला म्हणाले होते. पण तीन रविवार मधे न अडखळता पार पडायला हवे होते. अडखळले, तर एक बाजू म्हणणार आत्मा नाही, दुसरी म्हणणार म्हातारा झाला, आणि दोन्ही मिळून एकाच गोष्टीवर एकमत करणार, की पाळक बदला.

आईनं माझं नाव काढताच आप्पा म्हणाले, "पुलपीट म्हणजे रंगभूमी नव्हे."

आई म्हणाली, "जीभ जड असलेल्या संदेष्ट्याला देवानं त्याचा भाऊ दिला होता की बोलायला."

"भाऊ लपून बसला नव्हता," आप्पा म्हणाले. पण ते कोथिंबिरीकडे गेले नाहीत, तेव्हाच मी ओळखलं की काम मिळालं.

रोज सकाळी आम्ही रंकाळ्यावर फिरायला जायचो. ते चालता चालता उपदेश सांगत आणि मी पाठ करीत असे. गंमत म्हणजे एवढ्या वर्षांत आप्पांचा उपदेश मी पहिल्यांदाच ऐकत होतो. लहानपणी बाकावर बसून मी फक्त कुणाची मान कुठल्या बाजूला पडते ते बघत असे. आता ऐकलं, तर माणूस चांगलं बोलत होता. प्रेषितानं करिंथच्या मंडळीला जे समजावलं होतं, की शरीर एक आणि अवयव अनेक, ते आप्पा कोल्हापूरच्या भाषेत सांगत. "विहिरीत पाणी असतं ते विहिरीला तहान लागते म्हणून नव्हे," ते म्हणाले आणि थांबून माझ्याकडे बघू लागले. मला वाटलं विसरले. मी पुढचं वाक्य दिलं. "विसरलो नाही रे," ते म्हणाले, "तुला पटलं का ते बघत होतो."

मी म्हटलं, "पण आप्पा, गाणाऱ्याला गाण्याचा आनंद होतोच की. नटाला टाळी गोड लागते."

"लागू दे. आनंद घेऊ नको असं देवानं कुठं म्हटलंय? दान तुझ्या घशात ठेवलंय, पण त्याच्यावर पत्ता दुसऱ्याचा आहे. पोस्टमनला पत्र वाटताना मजा आली तर येऊ दे. पत्र त्यानं घरी नेऊ नये, एवढंच."

हे बोलणं मला उद्देशून होतं की नाही, ते मी विचारलं नाही. आमच्या कंपनीत असं संशयास्पद वाक्य आलं की आम्ही पान उलटत असू.

आमच्या देवळाचं पुलपीट मोठं झोकदार होतं. जिना चढून गेलं की छातीएवढ्या लाकडी कठड्याची गोल पेटी आणि तिला छोटं दार. उपदेश करणारा त्यात छातीपासून वर दिसायचा. खाली एक माणूस गुडघे हनुवटीला लावून बसला तर कुणाच्या बापाला कळणार नाही. म्हणजे माझ्या एकट्याच्या बापाला कळणार. घंटा होण्याआधी मी आत जाऊन बसलो. उजवीकडे जिन्याचं दार, म्हणून मी डाव्या कोपऱ्यात. समोर आप्पांचे बूट आणि धोतराचा काठ. जगातल्या कुठल्याही प्रॉम्प्टरला इतकी भक्कम पेटी मिळाली नसेल.

पहिला रविवार देखणा झाला. ज्ञानाचं दान, सेवेचं दान, बरं करण्याचं दान, दया करण्याचं दान. आप्पा अडले की मी वाक्य सोडायचो, ते उचलायचे, आणि त्यांच्या आवाजात ते वाक्य असं उभं राहायचं की मलाच वाटायचं, अरे, हे मी आत्ताच म्हटलं होतं का? उपासना संपल्यावर सगळे घरी जाईपर्यंत मी आतच बसलो. पाय लाकडी झाले होते. संध्याकाळी गिरणीवरून जाताना काकांनी मला अडवलं.

"काय पावणं, गावात आलाय म्हणं. देवळाकडं वाट चुकून तरी फिरका की."

"येईन, काका."

"आज तुझ्या बापानं काय सांगितलं, ठाऊक हाय? दगडाला पाझर फुटंल. आणि ल्योक घरात झोपलाता."

मी मान खाली घातली. नाटकात काम मिळत नव्हतं ते इथं मिळालं, आणि तेही नास्तिकाचं. मी जीव ओतून केलं.

दुसऱ्या रविवारी अन्य भाषेचा विषय होता. हाच अवघड पूल. आमच्याकडे पुलपिटावरून बघताना बायका डावीकडच्या बाकांवर बसतात आणि पुरुष उजवीकडच्या. आप्पांनी मोठ्या विचारानं दोन वाक्यं बांधली होती. बायकांकडे बघून म्हणायचं, "ज्यांना मिळालंय त्यांनी फुगू नये." आणि पुरुषांकडे वळून म्हणायचं, "ज्यांना मिळालं नाही त्यांनी मनाई करू नये." दोन्हीकडे सारखं वजन.

मी दोन्ही वाक्यं स्वच्छ दिली आणि आप्पांनी ती स्वच्छ म्हटली. मधेच त्यांचा बूट माझ्या बोटांवर आला तेवढाच काय तो त्रास. मी तोंडात रुमाल कोंबला आणि काम चालू ठेवलं. पण शेवटचं गीत सुरू होण्याआधी मागचं दार वाजलं. घरी आल्यावर आईनं सांगितलं की नर्सबाई रडत उठून गेल्या.

दुपारी काका गुळाची ढेप घेऊन हजर. "पाळकसाहेब, लई ब्येस झापलंत. सगळं त्या बाईकडं बगून. तासभर मान वळली न्हाय तुमची. आमी म्हटलं, आता झाला निकाल."

आप्पांचा चेहरा उतरला. "मी दोन्ही बाजूंना बोललो."

"कुठलं हो. मनाई करू नका म्हणून बोट दावलंत, ते बी तिलाच. आमच्याकडं ढुंकून बगितलं न्हाय. आमाला काय, चाललंय की."

काका गेले आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कंपनीत प्रत्येक नव्या नटाला पहिली गोष्ट शिकवतात की, प्रॉम्प्टरकडे कलू नकोस. नवा नट कलतोच कलतो. वाक्य जिकडून येतं तिकडे माणसाचा कान वळतो, कानामागून मान आणि मानेमागून सगळा देह. मी बसलो होतो डाव्या कोपऱ्यात. त्यात आप्पांना कमी ऐकू यायचं. बिचारे दोन्ही रविवार माझ्याकडे कलून उभे होते आणि मंडळीला दिसत होतं की पाळक बायकांकडे तोंड करून बोलतायत. पहिल्या रविवारी सेवा आणि दया यांची स्तुती होती, म्हणून बायका खूश झाल्या आणि कुणी तक्रार केली नाही. दुसऱ्या रविवारी दोन्ही बाजूंचा मार एकट्या नर्सबाईंना बसला.

हे मी आप्पांना सांगितलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, पण ते हसत होते. "म्हणजे माझ्या उपदेशाची दिशा तुझ्या बैठकीवर," ते म्हणाले.

"पुढच्या वेळी मी उजवीकडे बसतो."

"मग काकांना वाटेल, आता त्यांची पाळी. नको. तू मधे उभा राहा. सगळ्यांना दिसेल असा."

आई म्हणाली, "पंचांना कळलं तर महिनाभरात मंडळीचं हे घर रिकामं करायला सांगतील."

"सांगू दे. लपवून जोडलेली मंडळी एका बाकावरून दुसऱ्या बाकाकडं बघितलं तरी फुटते, हे बघितलंस ना?"

त्याच संध्याकाळी ते मला घेऊन दवाखान्यात गेले. नर्सबाई वॉर्डातल्या टेबलापाशी कापसाचे बोळे करीत होत्या. आप्पांनी सगळं खरं सांगितलं, मी कुठं बसत होतो तेसुद्धा. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी कपाटातून निघालेला पेशंट.

"पाळकसाहेब," त्या म्हणाल्या, "मी ते मागून घेतलं नव्हतं. मला तर मराठीतसुद्धा मोठ्यानं प्रार्थना करायची लाज वाटायची. ते येतं तेव्हा मला फक्त एवढं कळतं की आता घाबरायचं नाही."

"रविवारी या."

"ड्यूटी आहे," त्या म्हणाल्या आणि बोळे मोजल्यासारखं करू लागल्या.

तिसऱ्या रविवारी मी आप्पांच्या शेजारी उभा राहिलो. दोघांत ती पेटी इतकी अरुंद झाली की माझं कोपर त्यांच्या बरगडीत. आप्पा सरळच म्हणाले, "मंडळीहो, माझी आठवण गेली आहे. उपदेश माझा आहे, पण वाक्यं मला हा सांगतो. मागचे दोन रविवार तो इथं खाली बसून सांगत होता. गेल्या रविवारी तुम्ही ज्याला बायकांकडं बघणं समजलात, ते माझं याच्याकडं कलणं होतं. तेव्हा मनाई करू नका, हे मी आज पुरुषांकडं बघून म्हणतो."

आणि म्हटलं.

काका उठले. "म्हंजे ह्यो आत बसलाता?"

"होय."

"आणि आमी ह्याला नास्तिक म्हणत हुतो."

"ते वेगळं. ते त्याला विचारा," आप्पा म्हणाले. देऊळ हसलं. बायकांची बाजू आधी, मग पुरुषांची. काका बसले, पण पंचांपैकी कुणी हसलं नव्हतं.

उपदेश सुरू झाला. आता लपायचं नव्हतं आणि समोर भरलेलं सभागृह. मी पहिलं वाक्य असं काही दिलं की मागच्या भिंतीवरची पाल हलली. "हळू," आप्पा म्हणाले, "मी बहिरा आहे, मंडळी नाही." त्यानंतर मी शहाण्यासारखा वागलो. ते बोलत, अडत, मी देत असे. लोकांना आधी चुळबुळ झाली, मग सवय झाली. उपदेश अर्ध्यावर आला होता, तेवढ्यात दार उघडलं. नर्सबाई, पांढऱ्या गणवेशातच, दाराशी उभ्या राहिल्या.

आप्पांनी त्यांना पाहिलं आणि पाठ केलेला उपदेश सोडून दिला. प्रॉम्प्टरच्या आयुष्यात याहून भयंकर काही नसतं.

"या बाईंच्या तोंडात देवानं जे घातलंय, ते मला कळत नाही," ते म्हणाले. "खोटं कशाला सांगू. पण आजारी माणूस घाबरून जागा असतो आणि या त्याच्या कपाळावर हात ठेवतात, तेव्हा त्या जी भाषा बोलतात, ती भाषा..."

आणि थांबले.

माझ्याकडे वळले. माझ्याजवळ वाक्य नव्हतं. हे रंकाळ्यावर झालंच नव्हतं. मी बनवून देऊ शकलो असतो. नाटकात शेकडो वेळा दिलं होतं. पण ते मला विचारत नव्हते की काय शोभेल. ते विचारत होते की त्यांना स्वतःला काय म्हणायचं होतं, आणि ते मला ठाऊक नव्हतं. मी नकारार्थी मान हलवली.

त्यांचा हात कठड्यावर शोधल्यासारखा फिरत होता. पहिल्या बाकावर आईनं डोळे मिटले.

"कळती," गिरणीतून यावा तसा आवाज आला. काका होते. बसल्या जागेवरूनच बोलत होते. "ती भाषा कळती. आमच्या आईला कळलीती." त्यांची आई गेल्या थंडीत त्याच वॉर्डात वारली होती. हे देवळात सगळ्यांना माहीत होतं, फक्त या भांडणात कुणाला आठवलं नव्हतं.

आप्पांनी विचार केला आणि म्हणाले, "जवळ आलात. पण तो शब्द नाही."

"प्रेमाची," बायकांकडून एक म्हातारी म्हणाली.

"तेही खरं. पण तो नाही."

मग जे सुरू झालं ते मी कुठल्याही रंगभूमीवर पाहिलेलं नाही. सगळी मंडळी शब्द सुचवू लागली. कुणी म्हणालं आधाराची, कुणी म्हणालं आईची. एक पंच, जे हसले नव्हते ते, उभे राहून "स्वर्गीय" म्हणाले आणि बायकांनी त्यांना खाली बसवलं, फार पुस्तकी म्हणून. आप्पा प्रत्येक शब्द तोंडात घोळवून बघत आणि मान हलवीत. त्यांना लाज वाटत नव्हती. दुकानात बसून लुगडी बघणाऱ्या गिऱ्हाइकासारखे ते निवांत होते. नर्सबाई दाराशी उभ्या राहून दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होत्या, किंवा रडत होत्या. एवढ्या लांबून मला कळलं नाही.

शेवटी आप्पांनी हात वर केला. "असू दे," ते म्हणाले. "माझ्याकडं शब्द नाही, म्हणून तुमच्याकडं इतके निघाले. आज मला एवढंच सांगायचं होतं, असं धरून चाला." आणि आशीर्वचन दिलं. ते त्यांना अथपासून इतिपर्यंत आठवलं.

पंचांची बैठक झाली, त्यात पाळकांना विश्रांती द्यावी असा विषय निघालाच. काका म्हणाले, "देऊ की, पण त्येंनी मागितल्यावर. तवर शब्द आमी देतो." आप्पा पुढच्या ईस्टरपर्यंत बोलले आणि मग आपणहून उतरले. नर्सबाईंनी रविवारी सगळ्यांना कळेल अशीच प्रार्थना करायचं कबूल केलं आणि शुक्रवारी आपल्या खोलीत हवी तशी करू लागल्या. काका शुक्रवारी कधी गेले नाहीत. त्यांची बायको मात्र जायची, आणि ते तिला सोडायला जायचे.

मी राजारामपुरीतल्या एका छापखान्यात प्रुफं तपासायच्या नोकरीला लागलो. तिथंही नाव कुठं येत नसे. एकदा गिरणीवर दळण घेऊन गेलो, तर पट्टा धडधडत होता आणि नर्सबाई पिठाच्या डब्याजवळ उभ्या राहून, जन्मात कधी बोलल्या नसतील इतक्या मोठ्यानं, काकांना सांगत होत्या की पाळकसाहेबांना ‘कळते’ म्हणायचं नव्हतंच.

"मग काय म्हणायचं हुतं?" काका ओरडले.

"ते मला माहीत नाही. पण ते नव्हतं."

"तुमाला ठाऊक न्हाय, मला ठाऊक न्हाय, मग भांडताय कशाला? पीठ घ्या."

"बारीक दळा म्हटलं होतं, हे जाडं आहे," नर्सबाई म्हणाल्या, आणि काकांनी डबा परत गिरणीत ओतला.